फाटकापलीकडची खोली

रेल्वे फाटकाजवळ चहाची टपरी चालवणारी बाई नसती, तर माझे दोन्ही पाय आज जागेवर नसते. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं सांगताना मला राग येतो, आणि रागाच्या भरात तिचं राहून जाईल अशी भीती वाटते.

मी धानोऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. येत होतं ते एक धावणं. चंद्रपूरच्या एका कोळसा खाणीला आपल्या संघासाठी लांब पल्ल्याचा एक धावणारा हवा आहे, निवड झाली की नोकरी, असं कळलं तेव्हा दोन एसट्या बदलून मी आमच्या गावच्या भाऊकडे येऊन थडकलो. तो सख्खा नव्हे. पण शहरात तोच एक ओळखीचा, आणि तोही त्याच जागेसाठी धावत होता.

पहिल्याच सकाळी मैदानावर मी त्याच्या पुढे आलो. त्याने पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला खोली दाखवायला घेऊन गेला.

खोली कशी पाहतात ते मला ठाऊक नव्हतं. मी रस्ते पाहिले. परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या आत गल्ल्या अरुंद आणि कुत्री फार. तुकूमची वस्ती मैदानापासून लांब. रुळांपलीकडे बाबूपेठेत मात्र डांबराच्या कडेने मऊ मातीचा पट्टा होता. चपला हातात घेऊन मी त्यावर धावून पाहिलं, थेट मैदानापर्यंत. फाटक उघडं होतं. भाडंही परवडणारं होतं; खोलीला खिडकी आहे की नाही, हेही मी पाहिलं नाही.

"इथी मोकळी हवा आहे, लेका," भाऊ म्हणाला. "धावणाऱ्याले अजून काय पाह्यजे?"

मैदानावरचे मास्तर पहाटे साडेपाचला शिट्टी मारत. शिट्टीनंतर आलेल्याला त्या दिवशी धावायचं नाही. तीनदा उशीर झाला की नाव कापलं.

नव्या खोलीतून पहिल्या सकाळी निघालो तर फाटकावरच कोळशाची मालगाडी उभी. दोन्हीकडे पाहिलं, शेपूट कुठेच दिसेना. सिग्नल मिळून ती हलेपर्यंत शिट्टी झाली होती. भाऊ म्हणाला, "होते असं कधीमधी. लवकर निघत जाय." दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी निघालो. दुसरी गाडी. मास्तरांनी लांबूनच दोन बोटं दाखवली.

तिसऱ्या दिवशीही गाडी होती. मी वाकलो आणि डब्याखाली शिरलो. तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरून खेचलं. मी खडीवर आपटलो. डब्यांचे जोड खणाणले आणि चाक माझ्या टाचेजवळून पुढे गेलं.

टपरीवालीच होती ती. हातात अजून गाळणी.

"मराले आला का इथी? मायनं याच्यासाठी धाडलं का तुले?"

"बाई, मास्तर नाव कापते."

"कापू दे. पाय कापल्यावर कोणत्या यादीत जाशील?"

तिने बाकड्यावर बसवून चहा दिला. इथे खोली कुणी पाहून दिली, असं तिने विचारलं. मी सांगितलं.

"तो उंचा? गालावर डाग आहे तो? अरे, तो तर दोन वर्सं इथीच होता! याच बाकड्यावर बसून रोज पहाटे गाडीले शिव्या घाले. गाडीपायीच खोली सोडली त्यानं. बोलला नाई का तुले?"

त्याने मला खोली दुपारी का दाखवली, ते तेव्हा कळलं.

मैदानावर गेलो तर नाव कापलेलं. भाऊ बुटाची नाडी बांधत होता.

"भाऊ, तुले माहीत होतं ना?"

"तुले स्वस्त पाह्यजे होती, मी स्वस्त दाखवली." मग खालीच पाहत म्हणाला, "एकच जागा आहे रे."

ती त्याला मिळाली.

मी वळकटी बांधून एसटी स्टँडकडे निघालो. फाटकाशी बाईने अडवलं. मैदानामागच्या गल्लीत एक खोली रिकामी आहे, म्हणाली, आणि टपरी झाकून माझ्याबरोबर आली. गल्लीच्या तोंडाशी मात्र थांबली.

"तू जाय. मी संगं दिसली तर मालक खोली देणार नाई."

"काऊन?"

"मी गेल्ती मागं. लेकरायची शाळा जवळ पडली असती. आधी हो म्हणला, मंग आडनाव विचारलं."

घरमालकाने मलाही विचारलं. माझं आडनाव त्याला चाललं. किल्ली हातात घेताना मी एक शब्द बोललो नाही. बोललो तर ही खोलीही जाईल, एवढंच डोक्यात होतं. बाहेर बाई माझी वळकटी सांभाळत उभी होती. "भेटली ना?" म्हणाली आणि टपरीकडे वळली.

मास्तरांनी नव्या यादीत माझं नाव पुन्हा घेतलं, आणि त्या खोलीतून मला एकदाही उशीर झाला नाही. पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघाली आणि मी लागलो. आता भाऊ आणि मी एकाच संघात आहोत. तो अजून मला लेका म्हणतो. मी ओ देतो, पण त्याच्या शेजारी बसत नाही. त्याच्यावर रागावलो की मला ती गल्ली आठवते, आणि तिथे गप्प बसलेला मी आठवतो.

बाई अजून रुळांपलीकडेच राहते. तिची लेकरं शाळेला जाताना अजून फाटकापाशी गाडी जायची वाट पाहतात. मी घर बांधीन ते शाळेच्या बाजूला बांधीन, आणि त्यातल्या दोन खोल्या तिच्या असतील. तिला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसेल. पण मी ते करीन.