फोटोत पाण्याखालचं दिसत नाही

लेकीने दोन जहाजांचे फोटो टेबलावर ठेवले, तेव्हा ठोक्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की कापायला सुरुवात कुठून करावी. सवय. एकतीस वर्षं त्याने जहाजं मोडली होती. माणसं जहाजाचं तोंड बघतात. तो सांधे बघायचा.

लेक एका प्रवासकंपनीत तिकिटांच्या खिडकीवर बसायची. वर्षातून एकदा तिथल्या माणसांना घरच्यांसाठी समुद्रसफरीची एक खोली मिळे. तीन खाटा, सात दिवस. दोन जहाजांतलं एक निवडून शुक्रवारपर्यंत कळवायचं. इतकी वर्षं तिने आपला हक्क दुसऱ्यांना देऊन टाकला होता. या वर्षी दिला नाही. डॉक्टरांनी ठोक्याच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला होता, मग तिला बाहेर बोलावून, पुढचं वर्ष धरून चालू नका म्हणाले होते. जाळलेल्या लोखंडाची धूळ आत बसली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे हवापाण्याबद्दल बोलत.

तीन खाटा म्हणजे ठोक्या, त्याची बायको आणि काकू. काकू ही ठोक्याच्या धाकट्या भावाची बायको. लेकीची काकू, म्हणून साऱ्या गल्लीची काकू. भाऊ जहाजं मोडायच्या यार्डात वारला त्याला बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून ती याच घरात, मागच्या खोलीत. इस्पितळाच्या कपडेखोलीत ती चादरी शिवायची. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, धडक्या कडा मध्ये आणायच्या, जोडायच्या. असा दंड घातला की चादर आणखी दोन वर्षं रोग्यांखाली टिकते. उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान असे, सुई टोचू नये म्हणून. घरी आल्यावरही कितीदा ती ते काढायला विसरायची. भांडं उचललं की टण्णकन वाजायचं. बायको म्हणायची, आली आपली घंटा.

ठोक्याचं खरं नाव यार्डाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. पत्रा कापायला आगीची दांडी लावण्याआधी तो हातोडीने तीन ठोके द्यायचा आणि कान लावायचा. आत पाणी असेल तर ठोका जड येतो, तेल असेल तर बसका, काही नसेल तर कोरडा, लांबवर जाणारा. मुकादम दुसऱ्यांच्या टोळ्यांतूनही त्याला बोलावून न्यायचा. हळूहळू ही खोड घरात शिरली. कलिंगड ठोक, भिंत ठोक, नवं कपाट ठोक. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा बायको त्याला म्हणाली होती, डोकं जरा सांभाळून बसा, हे आत काय आहे ते बघतील. जावई हसला होता. तो पुढे लेकीला सोडून गेला, तेव्हा ठोक्या एवढंच म्हणाला होता, की ठोकून बघायला हवं होतं.

आता टेबलावरचे फोटो. एक जहाज नवं, सोळा मजल्यांचं, गच्चीवर झाडं, घसरगुंड्या आणि तीन पोहण्याचे तलाव. बायकोने त्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. दुसरं जुनं, पाच मजली, पन्नाशीला टेकलेलं. हा त्याचा शेवटचा हंगाम, मग ते मोडीत जाणार होतं. लेक जवळजवळ माफी मागत म्हणाली, कंपनीने दोन दिले म्हणून दोन दाखवले, बाकी यात काही नाही.

ठोक्याने जुन्याचा फोटो डोळ्यांजवळ नेला. नाकाचं वळण, गोल खिडक्यांच्या दोन ओळी, मागे झुकलेलं धुराडं. असंच एक त्याने पूर्वी मोडलं होतं. एकाच कारखान्यात एकाच आराखड्यावर बांधलेली जुळी जहाजं ही. एक बावीस वर्षांपूर्वी यार्डाच्या चिखलावर चढलं, दुसरं अजून लोकांना फिरवत होतं. पहिल्याच्या पोटात त्याचा भाऊ गेला होता.

घरी आणि कागदावर त्याचं कारण एकच होतं. शिडीवरून पाय घसरला. साक्षीदार म्हणून खाली ठोक्याची सही होती.

खरं असं होतं. जहाजाच्या तळाशी, तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती टाकी उघडायची होती. आधी आतली हवा यंत्राने तपासायचा नियम होता. यंत्र ऑफिसच्या कपाटात कुलपाखाली असे. ते आणायला तास जायचा, ठोक्याला क्षण. मुकादमाने ठोक्याकडे बघितलं. ठोक्याने तीन ठोके दिले. कोरडा आवाज, लांबवर गेला. भाऊ झाकणाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, दादा, तू म्हणशील तर जातो. ठोक्या म्हणाला, रिकामी आहे, जा.

रिकामी होतीच. इतकी रिकामी, की आत श्वासापुरतीही हवा नव्हती. बंद टाकीत गंज वर्षानुवर्षं हवेतला प्राणवायू खात बसतो. मागे उरलेल्या मेल्या हवेला वास नसतो, रंग नसतो, आणि ठोक्यात ती ऐकू येत नाही. भावाच्या हातातलं अवजार शिडीवरून खडखडत गेलं, मग काहीच नाही. ठोक्या आत शिरायला निघाला तर चौघांनी त्याला धरून ठेवलं. मागोमाग आत जाणारा आतच राहतो, हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं. वर काढायला चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी मुकादमाने कागद पुढे केला. खरं लिहिलं असतं तर यंत्र का आणलं नाही ते लिहावं लागलं असतं, आणि कुणाच्या शब्दावर माणूस आत गेला तेही. ठोक्याने सही केली. त्यानंतर नऊ वर्षं त्याने काम केलं, आणि रोज तीन ठोके देत राहिला, कारण त्याच्याकडून तेच मागितलं जायचं.

बुधवारी जेवताना तो म्हणाला, की जुनं घेऊ. बायकोने हातातला घास खाली ठेवला. जन्म गेला भंगारात, म्हणाली, आता हौसेलाही भंगारच हवं का? तो म्हणाला, नव्यात गर्दी फार. ती म्हणाली, गर्दीत माणसं असतात, माणसांना काय होतं तुम्हाला? तो खोकला. खोकला हल्ली त्याच्या कामी यायचा.

त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब होता. या स्वयंपाकघरात जे बावीस वर्षांत तोंडातून निघालं नाही, ते तिथे निघेल. काकूला घेऊन आपण खाली जाऊ, जितकं खाली जाऊ देतील तितकं. जागा दाखवू आणि सांगू. नव्या जहाजावर गेलो तर सात दिवस घसरगुंड्या बघू, परत येऊ, आणि मग सांगायला छातीत वारा उरणार नाही. न सांगता मरणं सोपं होतं. त्याला त्या सोपेपणाची भीती वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी लेक म्हणाली, आई एकीकडे, बाबा एकीकडे, आता काकू सांगेल ते पक्कं. काकू नुकतीच कामावरून आली होती. तिने दोन्ही फोटो पाहिले, चादर बघते तशी, उजेडाकडे धरून.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "भावोजी, सांगा. तुम्ही म्हणाल त्यात जाऊ."

ठोक्याने चहाचा कप खाली ठेवला. तिला माहीत असण्याचा संभव नव्हता. झाकणाशी बसलेल्या त्या माणसाने जवळपास हेच शब्द वापरले होते, आणि त्याच भरवशाच्या सुरात. या घराण्यातली माणसं आपल्या शब्दावर कुठेही उतरतील, हे त्याला असह्य झालं.

"तो पडला नाही," तो म्हणाला.

काकूने फोटो खाली ठेवले. "कोण?"

मग त्याने सांगितलं. यंत्र, कुलूप, तीन ठोके, दादा तू म्हणशील तर. सांगायला फार वेळ लागला नाही. याचं त्याला नंतर कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं. मध्येच बायकोने उठून गॅस बंद केला. तिलाही तो हे कधी बोलला नव्हता. लेक दाराला टेकून उभी होती आणि तिथेच उभी राहिली.

काकू रडली नाही. तिने विचारलं, "कागदावर तुमची सही आहे ना?"

"आहे."

"बावीस वर्षं मी त्यांनाच दोष देत आले," ती म्हणाली. "घरात चालताना सुद्धा धांदरट होते, म्हणून पडले असतील, असं."

नळ ठिबकत होता. काकूने जुन्या जहाजाचा फोटो पुढे ओढला.

"कुठे?"

ठोक्याने बोट टेकवलं. गोल खिडक्यांच्या खाली आणलं, मग लाल पट्ट्याच्या खाली. तिथे निळं पाणी सुरू होत होतं. पाण्यावरून बोट आणखी खाली आलं आणि फोटोची कड आली. टाकी त्याच्याही खाली होती. बोट कागदावरून उतरून टेबलावरच्या रबरी आच्छादनावर थांबलं, एका जुन्या चहाच्या डागाजवळ.

"इथे," तो म्हणाला.

त्याने बोट उचलेपर्यंत काकूने वाट पाहिली, आणि मग त्या जागी आपलं ठेवलं. अंगुस्तान काढायचं राहून गेलं होतं. ते हळूच वाजलं.

मग ती लेकीकडे वळली. "हेच सांग ऑफिसात. दोन खाटा. तुझी आई आणि मी. यांना राहू दे घरी."

यांना, म्हणाली. भावोजी म्हणाली नाही. घरातल्या कुणाच्याच कानांतून ते सुटलं नाही.

बायको जायला तयार नव्हती. या माणसाला अशा अवस्थेत टाकून कुठे जाऊ, म्हणाली. ठोक्यानेच तिला पाठवलं. जा, म्हणाला, तिला एकटीला नको पाठवू. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याने कुणाला तसल्या जहाजात जा म्हटलं, आणि या वेळी कशावरही ठोकून पाहिलं नाही. निघायच्या दिवशी काकू त्याच्यासमोरून पिशवी घेऊन गेली. औषधं डब्यात वेगळी करून ठेवली आहेत, एवढं तिने लेकीला सांगितलं. त्याला ऐकू येईल अशा आवाजात.

सोळा मजली जहाजाचा फोटो टेबलावरच राहिला. कुणी फेकला नाही, कुणी उचलला नाही. ठोक्या त्यावर कप ठेवू लागला.

पाचव्या दिवशी दुपारी बायकोचा फोन आला. जहाज एका बंदराला लागलं होतं. खोली काडेपेटीएवढी आहे, म्हणाली, पण अंथरूण स्वच्छ. जेवणाला माणसं अशी रांगा लावतात की जन्मात खाल्लं नसावं. औषध घेतलंत का? घेतलं. मग तिने काकूचं सांगितलं. काकूने खाली जायचा मार्ग काढला होता. प्रवाशांना तळमजल्यावर सोडत नाहीत. पण तिथे जहाजाची धुलाईखोली होती, आणि काकूने झाडणाऱ्या बाईला आपल्या खाटेवरची विरलेली चादर दाखवून दंड कसा घालायचा ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईने तिला खाली नेलं. आता रोज दोन तास ती तिथेच असते, म्हणाली. समुद्र बघायला वर येतच नाही. आत्ताही आम्ही तिथेच आहोत. घ्या, तिला बोलायचंय.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मागे मोठ्या यंत्रांची घरघर होती, ओल्या कपड्यांचे थप्प थप्प आवाज होते. काकूचा श्वास ऐकू आला.

"या फरशीखाली टाकी आहे म्हणतात," ती म्हणाली. "ऐका."

अंगुस्तान लोखंडावर आपटलं. एक. दोन. तीन.

ठोक्याने डोळे मिटले. लांबून, तुटत येणारा आवाज; तरी एकतीस वर्षांचा कान. आवाज कोरडा होता. दूर जाऊन मग विरला. शब्द त्याच्या जिभेवर आपोआप आला, बावीस वर्षांपूर्वी आला होता तसाच, सरावाने.

"काय आहे आत?" काकूने विचारलं.

"कळत नाही," ठोक्या म्हणाला.

अंगुस्तान पुन्हा एकदा वाजलं.

"ठोक्यावरून कळत नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्याने फोन कानापासून दूर धरला. परत कानाला लावला तेव्हा वाटलं, ती गेली असेल. गेली नव्हती. यंत्रं फिरत होती. तिचा श्वास येत होता, जात होता. त्यात राग होता की आणखी काही, हे त्याला ओळखता आलं नाही, आणि त्याने ओळखायचा प्रयत्नही केला नाही.

लेक दारात येऊन हातानेच विचारत होती, काय म्हणतेय? त्याने मान हलवली. फोन तसाच धरून तो बसून राहिला, बंदरावरून जहाज सुटून आवाज आपोआप तुटेपर्यंत.