लसूण सरळ रस्त्याने

आमच्या मामांचा धंदा एका सहीने बुडाला. दोन शेजारी देशांनी आपसातल्या शेतमालावरची जकात उठवली, आणि आयुष्यभर सीमेपलीकडचा लसूण ओढ्यातून चोरून आणणाऱ्या मामांना कुणी विचारीना. जो लसूण ते गवताच्या भाऱ्यांत लपवून आणत, तो आता ट्रकच्या ट्रक भरून, फाटकातून, दिवसाढवळ्या हॉर्न वाजवत येऊ लागला.

"याला काय व्यापार म्हणतात? कुणीही उठतो आणि आणतो!" मामा पायरीवर बसून चिडत. सरकारने आपली चोरी बंद पाडली म्हणून सरकारला शिव्या घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

खरा मार मात्र मामींना बसला. घरामागच्या तुकड्यात त्या लसूण पिकवत. पलीकडचा लसूण टपोरा आणि स्वस्त. मामींचा तिखट, पण बारीक पाकळीचा, सोलताना नखं दुखवणारा. जकात होती तोवर तोही खपून जाई. आता त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. सगळं पीक माळ्यावर लटकलेलं, त्याला कोंब फुटायला लागलेले. हे विकलं गेलं नाही तर पुढे लागवडच करायची नाही, असं मामींनी सांगून टाकलं. खुरपं धुऊन त्यांनी फळीवर ठेवून दिलं.

अक्कल सुचली ती मामांनाच, हे कबूल केलं पाहिजे. पलीकडे त्यांच्या जुन्या भागीदारणीचं मसाल्याचं दुकान होतं. "आमचा लसूण दिसायला गोरा, चवीला पाणी," असं ती नेहमी म्हणे. जकात तर दोन्हीकडची उठलेली. मग उलटी गंगा का वाहू नये? आम्ही टेम्पो भरला. चालवायला मी, मध्ये मामी, खिडकीशी मामा.

फाटकावरच्या तपासनीस साहेबांनी उभा जन्म मामांचा पाठलाग केलेला. त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "मागे काय आहे?"

"गवत," मामा म्हणाले.

वासाने साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मामा, अहो!" मी म्हणालो.

"गवतच. म्हशीसाठी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, लसणाला आता काही लागत नाही! पण खोटं सांगितलंत तर गाडी परत पाठवावी लागते मला. तुमच्याच तोंडाने लसूण म्हणा आणि जा."

वर्दीसमोर हा शब्द मामांनी जन्मात काढला नव्हता, तो आताही निघेना. मागे ट्रकवाले बोंबलायला लागले. शेवटी साहेबांनी गाडी वळवायची खूण केली.

पायाशी ठेवलेली पिशवी मामींनी मांडीवर घेतली आणि खाली बघत बसल्या. मामांनी ते पाहिलं.

"लसूण आहे!" ते असे ओरडले की मागचे हॉर्न थांबले. "पोतीच्या पोती लसूण आहे!"

"कुणाचा?"

आजवर पकडले गेले की मामा 'माझा नाही, कुणाचा ते ठाऊक नाही' म्हणून हात झटकत. आता शर्टाच्या बाहीने तोंड पुसत ते म्हणाले, "हिचा. हिने पिकवलाय. मी नुसता सोबत आलोय."

साहेबांनी फाटक उघडलं. भागीदारणीने सगळी पोती उतरवून घेतली, वर पुढच्या पिकाचंही बोलून ठेवलं.

परतताना मामी म्हणाल्या, "खरं बोलताना केवढा घाम फुटला हो तुम्हाला!"

"सवय नाही गं."

"होईल," मामी म्हणाल्या, आणि मामांना नीट टेकायला जागा व्हावी म्हणून माझ्याकडे जरा सरकल्या.