हंड्यातली डिकी

"माजी डिकी कुनी खाल्ली?"

जनार्दनशेठ शोरूमच्या काचेच्या दारातून आत येता येताच ओरडले, आणि शपथेवर सांगतो, डिस्प्लेला लावलेल्या गाड्यांचे अलार्म आपोआप वाजायला लागले. रिसेप्शनवरच्या मॅडमच्या हातातली कॉफी जागच्या जागी थंड झाली.

मी शोरूममध्ये डिलिव्हरी बघतो. गाडी विकायचं काम दुसऱ्याचं. विकलेली गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात देताना कुठलं बटण काय करतं, कुठे काय ठेवायचं, हे समजावून सांगायचं काम माझं. डिकी भरण्यात नवी मुंबईत माझा हात धरणारा कोणी नाही. एकदा एका हॅचबॅकमध्ये मी अख्खा वन बीएचके बसवून कोपरखैरण्याहून पनवेलला पाठवला होता. किचनचा ओटा तेवढा राहिला. कोणाला खोटं वाटत असेल तर ओटा अजून तिथेच आहे, जाऊन बघावा.

"शेठ, बसा तरी आधी. पाणी घ्या."

"पानी नको, डिकी पायजे! माज्या मेव्हन्याची गाडी हीच, कलर पन हाच. त्याच्या डिकीत तांब्याचा हंडा उभा राहतो. माज्या डिकीत घातला तर दार लागत नाय. मी वरचं मॉडेल घेतलं, न डिकी खालची?"

शेठ करावे गावचे. बाप खाडीत मासे धरायला डोल जाळी लावायचा, शेठ स्वतः आता चाळी आणि गाळे भाड्याने देतात. आवाज मात्र अजून खाडीच्या या काठावरून त्या काठावर पोचेल असाच.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. मेव्हण्याची गाडी पेट्रोल, शेठची हायब्रिड. हायब्रिड म्हणजे एका गाडीत दोन बिऱ्हाडं: एक पेट्रोलचं इंजिन, एक विजेची मोटर. ब्रेक मारला की चाकांचा जोर बॅटरीत जमा होतो आणि सिग्नलला गाडी त्याच जोरावर आवाज न करता सुटते. पण बॅटरीला झोपायला जागा लागते. या मॉडेलमध्ये ती मागच्या सीटच्या पाठी, डिकीच्या तळाखाली झोपते. त्यामुळे तळ वीतभर वर येतो. स्टेपनीसुद्धा नसते, तिच्या जागी पंक्चरचं किट असतं.

"म्हनजे चोर गाडीतच हाय," शेठ म्हणाले.

"चोर नाही, भाडेकरू आहे. तुम्हाला तर भाडेकरूंची सवय आहे."

शेठ हसले नाहीत. खुर्चीत बसले, आणि मग हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्या मजल्यापुरत्या आवाजात, खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मयुरीचं लग्न. नवऱ्यामुलाचं घर उरणकडे. मयुरीने रुखवतात मांडायला आपल्या हाताने एक देखावा केला होता. आदल्या वर्षी शेठच्या पुतणीचं रुखवत टेम्पोतून गेलं. रस्त्याला कंटेनरच्या रांगा, खड्डे. तांदळाच्या दाण्यांचं केलेलं देऊळ सासरी पोचलं ते खिचडी होऊन. पुतणी भर मांडवात रडली. तेव्हा शेठनी मयुरीला शब्द दिला होता की तुझं रुखवत नव्या गाडीतून जाईल, सगळंच्या सगळं, एकत्र.

"आज ते मावलं नाय," शेठ म्हणाले, "तर ही गाडी ठेवा तुमच्याकडं. मला पेट्रोलवाली द्या. आजच."

आमचे मॅनेजर डिसूझा सर केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"माने, तू जा त्यांच्याबरोबर. गाडी परत आली नाही पाहिजे."

"आणि मी?"

"ते नंतर बघू."

शेठच्या हॉलमध्ये एक पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायला जागा नव्हती. हंडा, कळश्या, टोप, डबे, परात, समया, गादी-उशा, साड्यांचे गठ्ठे, लाडू, करंज्या, चकल्या, कुरडया. एवढी भांडी मी कळंबोलीच्या स्टील मार्केटात पण बघितलेली नाहीत. सूर्य खिडकीतून आत आला होता तो भांड्यांवर आपटून डोळे चोळत परत चालला होता.

मधोमध, कॅरमबोर्डाएवढ्या प्लायवर, मयुरीचा देखावा. करावेची खाडी. शिंपल्यांचा काठ, सुपारीच्या होड्या, मच्छरदाणीची जाळी, आणि लवंगांची खारफुटी. मी वाकून बघायला लागलो तशी मयुरी आडवी आली. हातावर मेंदी, म्हणून कोपरांनीच मला अडवत म्हणाली, "दादा, श्वास जरा बाजूला सोडा. बगळे उडतील."

खरंच बगळे होते. कापसाचे. मी श्वास बाजूला सोडला.

कामाला लागलो. पहिल्यांदा डिकीतला पार्सल ट्रे काढला. पार्सल ट्रे म्हणजे सामान झाकायची ती फळी, जिच्यावर लोक आयुष्यभर छत्री ठेवतात. मग मागची सीट. ती एकसंध नसते, मोठा आणि छोटा भाग वेगवेगळे पडतात. मोठा भाग पाडला, छोटा मयुरीला बसायला ठेवला. पाडलेली सीट आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये एक पायरी येते. गादी घडी करून पायरीत घातली, जमीन सपाट झाली. देखाव्याची जागा तिथे, गादीवर. त्याला घरातसुद्धा एवढा आराम नव्हता.

पण त्याच्यावर काहीच ठेवता येत नव्हतं. उरली डिकी, आणि हंडा. तो आडवा केला तर मावत होता, मग बाकीच्या भांड्यांना जागा नव्हती. तासभर मी भांडी आत-बाहेर केली. गल्लीत गर्दी जमली. एक म्हातारा शेवटी खुर्ची घेऊन आला.

"मेव्हन्याला फोन लावू?" शेठनी विचारलं. शेठना मेव्हण्याची गाडी मागायची नव्हती, ते त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं.

मी हंडा पुन्हा उतरवायला गेलो आणि पाठीतून कट्ट आवाज आला. इतका वेळ घाईत लक्षातच आलं नव्हतं. पितळेचा टोप एवढा जड कसा? कळशी एवढी जड कशी? मी हंड्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. आत तांदूळ. कळशीत तांदूळ. टोपात, डब्यात, पेल्यात, तांब्यात, जिथे बघावं तिथे गळ्यापर्यंत तांदूळ.

"हे काय?"

शेठची बहीण, सुमनआत्या, पदर खोचून पुढे आली. रुखवताची मालकीण तीच. "रिकामं भांडं पोरीबरोबर सासरी धाडीत नाय. आमच्यात चालत नाय."

इथे मला एकदम कुतूहल वाटायला लागलं. माझ्या धंद्यात मला सामान दिसतच नाही, दोन वस्तूंमधली मोकळी जागा दिसते. आणि इथे अख्ख्या डिकीएवढी मोकळी जागा भांड्यांच्या पोटात होती, ती आत्याने तांदूळ घालून बुजवली होती. चकल्या, साड्या, छोटे डबे मात्र बाहेर उघड्यावर.

"आत्या, एक विचारतो. रागावू नका. भांडं तांदळाने भरलेलं पाहिजे, की रिकामं नको?"

"म्हनजे?"

"म्हणजे हंड्यात लाडूचे डबे असले तर तो हंडा रिकामा का भरलेला?"

अख्खी गल्ली आत्याकडे बघायला लागली. सीवूड्सच्या मॉलमध्ये एस्कलेटर थांबले असणार. आत्याने वर बघितलं, खाली बघितलं, बहुतेक आपल्या सासूला, आजेसासूला मनातल्या मनात विचारून आली.

"मूठभर तांदूळ तरी पायजेत," ती म्हणाली. "प्रत्येकात."

"दोन मुठी घाला!"

पुढचं काम आत्यानेच केलं, मी नुसता हातभार लावत होतो. तांदूळ ओतून घेतला. हंडा रुंद तोंडाचा. त्यात आधी मूठभर तांदूळ, त्यात टोप, टोपात मूठ, त्यात कळशी, कळशीत मूठ, त्यात तांब्या, तांब्यात पेला. उरलेल्या फटींत साड्या, म्हणजे भांडी एकमेकांवर आपटणार नाहीत. डब्यांत करंज्या. समया परातीत आडव्या, वर उशी. सगळ्यात जड ओझं खाली, सीटच्या पाठीला चिकटून, कारण जड सामान दाराकडे असलं की गाडीचं नाक वर होतं. हंडा आडवा झोपला, दोन्ही बाजूंनी उशा, दोरीने हुकांना बांधला. हे हुक गाडीत कंपनीच देते, पण आजवर एकाही गिऱ्हाईकाने ते वापरल्याचं मी बघितलेलं नाही.

दार लागलं. नुसतं लागलं नाही, वर आत्याच्या कुरडयांची टोपलीपण बसली आणि आरशातून मागचा रस्ता दिसत राहिला. म्हाताऱ्याने टाळी वाजवली आणि खुर्ची उचलून घरी गेला.

मी शोरूमला परत निघण्याआधी शेठना छोट्या सीटजवळ नेलं. सीटच्या कडेला, दाराच्या बाजूला, एक जाळी असते. बॅटरीला थंड ठेवायला गाडी तिथून आतली हवा ओढते. जाळी बंद झाली की बॅटरी तापते, आणि गाडी डॅशबोर्डवर बोंब मारायला लागते.

"शेठ, बाकी काहीही करा. या जाळीसमोर कायपण येता कामा नये. पिशवी नाही, टॉवेल नाही, काही म्हणजे काही नाही."

"कायपन नाय," शेठनी गळ्याची शपथ घेतली.

डिसूझा सरांना मी फोन करून सांगितलं की डिकीत आता अर्धं करावे गाव मावलंय आणि हवं असेल तर उलवेपण बसेल. ते म्हणाले, "गाडी परत येतेय का?" मी म्हटलं नाही. त्यांनी फोन ठेवला.

पहिल्या सर्व्हिसला शेठ आले तेव्हा मयुरीही होती, माहेरपणाला आलेली. शेठनी मला मिठी मारली, माझ्या दोन फासळ्या अजून जागेवर नाहीत. देखावा साबूत पोचला होता. एक बगळा नाही हलला, एक लवंग नाही पडली. सासरच्यांनी तो हॉलमध्ये काचेत ठेवलाय.

त्या कामातून मी एक शिकलो ते सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो: डिकी लहान वाटली तर आधी आपली भांडी उघडून बघा. दुसरं शिकलो ते कोणाला सांगत नाही, पण इथे लिहितो. 'काही म्हणजे काही नाही' अशी सूचना देताना त्यातून माणूस वगळायचा असतो.

कारण मी मयुरीला विचारलं, "सीट आरामशीर होती ना?"

"कुठली सीट?" ती म्हणाली. "शालू एवढा फुलला, जाळी पुरी झाकली. बाबा म्हनाले, मानेसाहेबांनी सांगितलंय, कायपन नको. मला उतरवलं."

"मग? तू कशातून गेलीस?"

"मंडपवाल्याच्या टेम्पोतून."

"त्या खड्ड्यांतून? टेम्पोतून?"

"मी काय फुटनार हाय?"