झाकणाखालचा पिवळा ठिपका

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे धोबीण. तिला दोन्ही चालायचं, कारण काम खरंच धुण्याचं होतं. इस्पितळातून येणारे, एकाही औषधाला भीक न घालणारे जिवाणू वाढवायचे, उकळून मारायचे, फोडायचे आणि आतला माल धुऊन काढून नुसती त्यांची भिंत शिल्लक ठेवायची. त्या भिंतीच्या चुऱ्याची लस करायचा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा बेत होता. "औषधाला चकवायला हा शिकला," मॅडम म्हणत, "पण भिंत टाकून जाईल कुठे? शरीराला ती भिंतच ओळखायला शिकवू."

एकोणीस वर्षं ताई धूत होती. हात स्वच्छ, पण मन धास्तावलेलं. घरी गॅसचं बटण तीनदा बघायची, कुलूप चारदा ओढायची. "एक दिवस ते कुलूपच तुला हात जोडेल," सासूबाई म्हणत.

चार महिन्यांच्या मेहनतीची बॅच तयार झाली. उंदरांना टोचण्याआधी शेवटची परीक्षा होती. झाकणाच्या काचेच्या बशीत जिवाणूंचं खाद्य घालून त्यावर थेंबभर चुरा पसरायचा, दोन दिवस उबेत ठेवायचा. काही उगवलं नाही तर बॅच पास. मंगळवारी सकाळी बशीच्या कडेला मोहरीएवढा पिवळसर ठिपका दिसला. इस्पितळातला तो जिवाणूही असाच पिवळसर वाढायचा.

ताईने बशी थेट मॅडमकडे नेली. म्हणजे एक जिवंत सुटला. बॅच फुकट गेली तर गेली, पण तो तिच्या हाताला लागून घरी गेला असेल तर? लेकीचा गुडघा रविवारीच खरचटला होता.

मॅडमनी बशी उजेडात धरली. "अजून फार लहान आहे. गुरुवारी बघू. तोवर दुसरी बशी लावा, आणि ती माझ्या उबेच्या कपाटात राहील."

दोन दिवस ताईने लेकीला जवळ घेतलं नाही. पट्टी सासूबाईंनी बदलली.

"मी काय केलं गं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. माझे हात खराब आहेत."

"एवढे धुतेस तरी?" सासूबाई म्हणाल्या. "मग साबण बदल."

गुरुवारी मॅडमनी ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि नीट निरखून पाहिला. मग बाजूला सरकल्या. "बघा तुम्हीच."

चार-चारचे चौकोनी गठ्ठे. इस्पितळातला जिवाणू द्राक्षांच्या घडासारखा दिसे. हा कुणी वेगळाच होता.

"हा हवेतला, निरुपद्रवी," मॅडम म्हणाल्या. "ताई, झाकण किती वेळा उचललंत?"

"वाफ धरली होती हो. आत दिसेना म्हणून..."

"किती वेळा?"

"सोमवारी पाचदा." ती थांबली. "सहादा."

मॅडम हसल्या. "म्हणजे बॅचमधून काही आलं नाही. पाहुण्याला दार तुम्हीच उघडलंत." त्यांनी कपाटातली दुसरी बशी पुढे ठेवली. ती कोरी करकरीत होती. "ही पास. दुपारी उंदरांकडे पाठवा."

ताई बाटल्यांवर तारखा घालू लागली, तेव्हा अक्षर वाकडं आलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी लेक दारातच भेटली. ताईने पिशवी खाली टाकली आणि तिला उचललं, पट्टीबिट्टीसकट.

"आई, आवळतेयस," लेक म्हणाली.

"असू दे," ताई म्हणाली.