मोराखालचा वण

परवाच्या साथीत नातवाने माझं रक्त तपासायला दिलं. "आजी, आजार तुला नकळत होऊन गेला का, ते यात कळतं. पण गेला असला तरी गावभर हिंडायची परवानगी नाही हं!" मी म्हटलं, "बाबा, माझी असली तपासणी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच झाली. तिच्यापायी काठी खाल्ली मी." त्याला वाटलं, म्हातारी फेकते आहे.

मी म्हसावदची, तापीकाठच्या गुजरांच्या घरात दिलेली. नाक सरळ होतं, तेवढ्या भांडवलावर स्वतःला अप्सरा समजत असे. त्या अप्सरेच्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचे दोन वण होते. ते मला सलत. लग्नाआधी सारंगखेड्याच्या जत्रेत मी गोंदणारणीला म्हटलं, "यांच्यावरच मोर काढ." तिने काढला. तो पिकला, महिनाभर पू वाहिला. मग टोचणीचा वण कुठला आणि पिकलेल्या मोराचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी मात्र खूश. अक्कल हा प्रकार तेव्हा माझ्याकडे यायचा होता.

होळीच्या सुमारास गावात देवीची साथ आली. माझी धाकटी नणंद तापली, अंगभर फोड उठले. तिला कोठीच्या खोलीत ठेवलं. ज्याला देवी येऊन गेल्या त्यानेच रोग्याजवळ जायचं, असा घरचा रिवाज. चेहराभर वण असलेली फुईसासू, म्हणजे सासऱ्यांची बहीण, आजवर हे काम करायची, पण ती त्याच हिवाळ्यात वारली होती. सासूच्या अंगावर पिणारं पोर. आत जाणार कोण? पाण्याचा तांब्या काठीने आत सरकवायचे. पोरगी किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, फोड ओरबाडायची. हात बांधले नाहीत तर ती स्वतःचे डोळे फोडून घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मी जाते," मी म्हटलं. "मला टोचेल शे."

सासूने माझी बाही वर ओढली. "आठे तर मोर शे. देवी कोठे शे?"

"मोरना खाले."

"मंग मोरले इचारू का?" असं म्हणून तिने मला ढकललं तशी मी जात्यावर आदळले. "एक पोर मरी ऱ्हायनी. तू बी मरशी, आन या बाळले बी मारशी!"

आईकडे निरोप धाडला. उत्तर आलं: टोचलं होतं खरं, पण फोड धरला की नाही ते आठवत नाही. आईची तरी काय चूक, आम्ही भावंडं म्हणजे पलटण होतो.

दुसऱ्या दिवशी देवी टोचणारा गावात आला. टोचलं की माता कोपते, असं सासऱ्यांचं ठाम मत. ते काठी घेऊन त्याच्या अंगावर धावले. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कान फुटला. तो रक्ताळलेला माणूस पळत आमच्या पडवीत शिरला आणि कापसाच्या ढिगात घुसला. सासरे कापूस बडवू लागले. पांढऱ्या ढिगावर लाल ठिपके उमटले. मला वाटलं, आता आपण रणरागिणी व्हावं. पदर खोचून धावले. खोचलेला पदर सुटला, पायात आला, मी तोंडावर आपटले आणि पुढचा तडाखा माझ्या पाठीत बसला. काठी मोडली.

काठी मोडल्यावर कोठीतली पोरीची किंचाळी स्पष्ट ऐकू आली. सासऱ्यांचे हात खाली आले. मोडकी काठी टाकून ते उंबऱ्यावर बसले.

कापसातून डोकं वर आलं, भुतासारखं. मी अडचण सांगून दंड पुढे केला. त्याने माझा मोर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "यावरून काही कळणार नाही, ताई. दुसऱ्या दंडावर टोचतो. नुसती खाज सुटून गाठ विरली तर जुनी टोचणी अंगात जिवंत आहे, असं आम्ही समजतो. टपोरा फोड धरला तर इतक्यात आत जायचं नाही."

मग त्याने टोचायची दातेरी फिरकी माझ्या दंडात रोवून पिळली. रणरागिणीने अशी बोंब ठोकली की सासऱ्यांनी पुन्हा काठी शोधली.

फोड येतो का म्हणून मी दंडाकडे बघत बसले. कोठीतला आवाज घोगरा होत चालला होता. दंड लाल झाला, खाजला, आणि दोन-तीन दिवसांत गाठ विरली. मी सासूला दाखवला. तिने बोट दाबून पाहिलं, आणि खाडकन माझ्या थोबाडीत दिली.

"मंग बठनी कसाले? जाय मझार!"

मी कोठीत शिरले. आत दुर्गंधी होती. एक पापणी सुजून मिटलेली, बोटं रक्ताळलेली. मी मनगटं धरली तशी तिने लाथ घातली, माझे केस उपटले. मी तिच्या छातीवर गुडघा ठेवला, लग्नातल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि हात खाटेला बांधले. तेवढ्यात तिने मान उचलून माझ्या दंडाचा चावा घेतला. सोडेचना. मी ओरडले, "खा, भवाने! पण डोळा ऱ्हाऊ दे!"

दोन्ही डोळे राहिले. चेहऱ्याची चाळण झाली. आता ती सुईत दोरा ओवून देते आणि वर मलाच आंधळी म्हणते. माझ्या मोराच्या मानेवर तिच्या दातांचे वण आहेत. ते कशाचे, असं घरात कोणाला कधी विचारावं लागलं नाही.