तीन नंबरचा रिसीव्हर भंगारात काढा

हसा, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागे एकदा हे सांगत होतो, तर समोरच्याला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर थापा मारता मारता माझा किस्साच अर्धवट राहिला. फजिती माझी आहे, तर ती निदान शेवटपर्यंत सांगू द्या!

मी मरीन इंजिनियर. वीस-बावीस वर्षं जहाजांवर काढली, चीफ इंजिनियर झालो आणि आता सिंगापूरच्या ऑफिसात बसून कंपनीच्या जहाजांची तपासणी करतो. 'बसून' हे नुसतं म्हणायला! निम्मा आठवडा लाँचमधून अँकरेजला, म्हणजे जहाजं नांगरून उभी असतात तिथे जायचं, दोराच्या शिड्या चढायच्या आणि इंजिनरूममध्ये घामाच्या आंघोळी करायच्या. घर बिशानला. घरात बायको वैदेही आणि मुलगी इरा. इरा इथल्याच कॉलेजात सेकंड इयरला आहे.

सांगायला लाज वाटते, पण इराच्या शाळेतलं एकही बक्षीस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ती धावण्यात पहिली आली तेव्हा मी ब्राझीलच्या बंदराबाहेर नांगर टाकून बसलो होतो. लांब उडीत आली तेव्हा कुठे होतो, ते आता मलाही आठवत नाही. त्यामुळे पोरगी कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये आहे, एवढीच माझी माहिती. फुटबॉल म्हणजे फुटबॉल! त्यात आणखी विचारायचं काय?

तर एका मंगळवारी मी एका जहाजाच्या डेकवर जरा वारा खात उभा होतो आणि फोनवर मेसेज आला. इंग्रजीत होता, मी आपला मराठीत सांगतो.

'हाय अंकल, मी मेलिसा, इराच्या टीमची कोच. सीझन तोंडावर आलाय आणि मला आमच्या रिसीव्हर्सची काळजी लागलीय. दोन जुने या वर्षी गेले. उरले तीन. इरा म्हणते तुमची नजर फार बारीक आहे, तपासणी हेच तुमचं काम. शनिवारी येऊन जरा बघाल का?'

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाने रिसीव्हर म्हटल्यावर काय समजायचं? जहाजावर रिसीव्हर एकच. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा साठवायची ती भलीमोठी पोलादी टाकी. तिच्यातल्या हवेवर इंजिन सुरू होतं. टाकी गळली की एवढं मोठं जहाज जागच्या जागी बसून राहतं! आणि फुटबॉलच्या टीमला हवा लागणारच की. रोज शंभर बॉल फुगवत असतील. माझा हिशेब पक्का बसला.

आणि खरं सांगू? छाती अशी फुगली म्हणता! पोरीने पहिल्यांदा आपलं नाव सुचवलं, पहिल्यांदा तिच्या जगात आपलं काहीतरी काम निघालं.

मी लगेच लिहिलं, 'जरूर येतो. तिन्हींची अवस्था कळवा.'

'नावं मुद्दाम सांगत नाही हं अंकल, म्हणजे तुमचं मत एकदम फेअर राहील.'

नावं म्हणजे कंपन्यांची नावं, असं मी समजलो. किती प्रामाणिक बाई!

'नंबर एक सगळ्यात जुना. भरवशाचा आहे, पण सुट्टीनंतर थोडा रस्टी झालाय.'

'आतून की बाहेरून?'

'गुड क्वेश्चन, अंकल! बाहेरून काही दिसत नाही. आतूनच असणार.'

'उघडून बघू. पुढे?'

'हा हा! नंबर दोन अगदी नवा. मोठा, दणकट, पण अजून प्रेशरखाली टेस्टच झालेला नाही.'

'टेस्ट केल्याशिवाय वापरू नका!'

'येस, अंकल. आणि नंबर तीन. एरवी फार सुंदर काम करतो. पण प्रेशर आलं की ड्रॉप होतो.'

मी वय विचारलं. उत्तर आलं, वीस.

झालं! वीस वर्षांची टाकी, प्रेशर ड्रॉप होतंय आणि आजूबाजूला कॉलेजच्या पोरी उभ्या! माझ्या अंगावर काटा आला. तिथेच डेकवर उभ्या उभ्या मी लिहिलं, 'प्रेशरला ड्रॉप होणारा रिसीव्हर मी माझ्याकडे एक दिवस ठेवणार नाही. डागडुजी करत बसू नका. तीन नंबर सरळ भंगारात काढा. दयामाया नको.'

पलीकडे बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, 'वाह अंकल. सो स्ट्रिक्ट! रिस्पेक्ट.'

मी खुशीत दोन शिड्या जास्त चढलो.

घरी आलो तर इराचं दार बंद. जेवायला आली ती ताटात बघत, दोन घास खाऊन उठली. म्हटलं, अभ्यास असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळा उघडला तर मायलेकी दोघी गायब. तिसऱ्या दिवशीही तेच. नऊपर्यंत अंथरुणातून न उठणारी पोरगी सहाला बूट घालून बाहेर! शुक्रवारी सकाळी बघतो तर वैदेही सोफ्यावर बसून खांद्याला बाम चोळतेय.

"काय गं, काय झालं?"

"फेकून फेकून खांदा गेला."

"काय फेकलंस?"

"तुझ्या डोक्यात घालायला हवं होतं ते." ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "पोरीला काय काय बोललास रे? काही वाटतं का जिवाला?"

"मी? मी काहीच बोललो नाही!"

"हो ना. बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून लिहिलंस."

मला काही उलगडा होईना. पण लग्नाला बावीस वर्षं झाली की माणूस अशा वेळी गप्प राहायला शिकतो.

शनिवारी दुपारी मी हत्यारांची बॅग खांद्यावर टाकून ग्राउंडवर हजर! बॅगेत हातोडी, टॉर्च आणि गळती शोधायला साबणाच्या पाण्याची बाटली. ऊन असं की नुसतं उभं राहून शर्ट पिळता यावा. वीसेक पोरी पळत होत्या. मेलिसा, म्हणजे पंचविशीतली एक तुडतुडीत चिनी मुलगी, हात पुढे करत आली.

"अंकल! थँक यू फॉर कमिंग!"

तिच्या काखेत बॉल होता. लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. मी तो हातात घेतला, दाबून बघितला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बघा. रिसीव्हर गळका असला की असं होतं. हवा नीट भरलीच नाही, बॉल चेपलाय."

मेलिसा पोट धरून हसली आणि इथल्या पद्धतीप्रमाणे वाक्याला 'लाह'ची शेपटी जोडून म्हणाली, "अंकल व्हेरी फनी, लाह!"

"कॉम्प्रेसर कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"रिसीव्हर कुठे ठेवलेत?"

तिने मैदानाच्या पलीकडे बोट केलं. "ते काय! तिघी तिथे वॉर्म अप करतायत."

तिघी.

एक बारीक, शांत चेहऱ्याची. ती नादिया, सगळ्यात सीनियर. एक माझ्यापेक्षा हातभर उंच. ती जिया एन, फर्स्ट इयरची. आणि तिसरी, जमिनीकडे बघत बुटाची नाडी बांधणारी, आमची इरा.

माझ्या पायाखालची जमीन नव्हे, अख्खं ग्राउंड सरकलं! रिसीव्हर म्हणजे बॉल झेलणारी! एकीने फेकायचा, हिने वाऱ्यासारखं पळत जाऊन झेलायचा. कमरेच्या पट्ट्याला फिती लावलेल्या असतात, समोरच्यांनी ती फीत खेचली की खेळ तिथेच थांबला. याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात आणि तो हातांनीच खेळतात, हे मला फार पुढे कळलं. आणि मी माझ्या पोटच्या पोरीला भंगारात काढा म्हणून लेखी कळवलं होतं!

तोंड उघडणार तेवढ्यात मेलिसाने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना गोळा केलं.

"गर्ल्स, हे इराचे बाबा. मी यांना नावं न सांगता विचारलं. नंबर तीन कोण, हे त्यांना कळलं नसेल का? तरी म्हणाले, दयामाया नको. इराला मी सांगितलं, तुझे बाबा असं म्हणाले. क्लॅप फॉर अंकल!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या हो! आणि मी? मी काय करणार, मान तुकवून टाळ्या घेतल्या. इरा फक्त माझ्याकडे बघत होती. तशी नजर मी याआधी जहाज तपासायला येणाऱ्या कुठल्या सर्वेयरचीही झेलली नव्हती.

माझ्या हातात कागद आणि पेन आलं. काम सोपं. झेलला की बरोबर, सुटला की फुली.

आणि मग त्या पोरी सुटल्या. अहो, काय सांगू! नादिया धावताना दिसायचीच नाही. इकडे पाहावं तर उभी, तिकडे पाहावं तर बॉल हातात. जिया एन तर उभ्या जागी हात वर करायची आणि चार जणींच्या डोक्यांवरून बॉल अलगद काढून घ्यायची, आपण माळ्यावरून डबा काढतो तसा. यांना रस्टी आणि दणकट एवढंच म्हणावं? अरे, मी इतकी वर्षं इंजिनं बघितली, पण असं बिनचूक चालणारं यंत्र बघितलं नाही!

मग इरा. मेलिसाने मुद्दाम तिच्यावर दोघी सोडल्या, बाकीच्यांना कडेला उभं करून आरडाओरडा करायला लावला. पहिलाच बॉल आला, बोटांना लागला आणि खाली.

खरं सांगतो, फुली मारायला हात धजेना. पण ती माझ्याचकडे बघत होती. मी फुली मारली.

त्यानंतर तिने एकही सोडला नाही. एक डावीकडे, एक पाठीमागून वळून. आणि शेवटचा! तो इतका लांब होता की मी मनातल्या मनात फुली मारूनसुद्धा टाकली होती. इराने अंग झोकून दिलं, आडवी झाली, गवतावर घसरत गेली आणि उठली ती बॉल छातीशी धरून. कोपराला रक्त, दातांना माती आणि चेहरा असा की बघत राहावं.

मी कागद फेकला आणि ओरडलो, "होल्डिंग! प्रेशर होल्डिंग!"

ओरडण्याचा अर्थ कोणाला कळला नाही, पण सगळ्या ओरडल्या. मेलिसाने तिथेच जाहीर केलं, सुरुवातीला नादिया आणि इरा, जिया एन दोघींच्या पाठोपाठ, आणि या वर्षी आपल्या रिसीव्हर्सची कोणालाही भीती वाटावी!

संध्याकाळी घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, आम्ही तिघं बसलो. त्या फुकटच्या टाळ्या पचेनात, म्हणून मी सगळं कबूल करून टाकलं. टाकी, गंज, गळती, सगळं.

वैदेही अशी हसली की शेजारच्या टेबलावरच्या आंटीने चमचा खाली ठेवला.

इरा मात्र हसता हसता थांबली. "पण बाबा, ते खरंच होतं. प्रेशर आलं की मी ड्रॉप करायचे. सगळे म्हणायचे, नेव्हर माइंड. राग आला तुझा, बट आय नीडेड दॅट. तीन दिवस आईला त्रास दिला मी."

"दोनशे बॉल फेकलेत मी," वैदेही खांदा दाबत म्हणाली. "मला घ्या टीममध्ये."

मला भरून आलं. म्हटलं, आता पोरीशी नीट बोलायचं, समजून उमजून. इराने थेट विचारलंच, "सो, कसं वाटलं तुला? ऑनेस्टली."

"फार सुंदर खेळलीस," मी म्हणालो. "अगदी मनापासून सांगतो. फक्त एक सुधारणा सुचवू?"

"सांग ना!" ती पुढे सरकली.

"अख्ख्या दुपारभरात तू बॉलला एकदाही लाथ मारली नाहीस. तेवढी प्रॅक्टिस कर, बेटा."

इराने माझ्याकडे बघितलं, हातातला ग्लास टेबलावर ठेवला आणि आईकडे वळून शांतपणे म्हणाली, "आई, मॅचला तू ये. बाबाला शिपवर पाठव, लाह."