बदलाचं कारण

मीना भोये नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यात टायपिंग आणि मांडणीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची पत्रकं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सहसा सुटत नाही, त्यामुळे मालक बाहेरचा मजकूरही तिच्याकडून तपासून घेतात. ती मूळची पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. बारावीनंतर नाशिकला आली आणि पेठ रोडला खोली घेऊन राहिली. पुढे धाकटा भाऊ लखन कॉम्प्युटर शिकायला आला, तो तिच्याच खोलीत. सकाळचा चहा तो करायचा, भाकरी ती थापायची.

शिकून झाल्यावर लखनला एका संस्थेत नोकरी लागली. पेठ-सुरगाण्याकडच्या भाताच्या, नागलीच्या, वरईच्या जुन्या बियाण्यांची माहिती गोळा करणारी ती संस्था. ही माहिती कुठल्या तरी कपाटात पडून राहण्यापेक्षा तिचा विकी करावा, असं लखननं सुचवलं. विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिची पानं काम करणारा कुणीही उघडून दुरुस्त करू शकतो. ती पानं त्यानं गिटमध्ये ठेवली. प्रोग्रॅम लिहिणारे लोक गिट वापरतात, कारण त्यात जुनं काही पुसलं जात नाही. पान बदललं की आधीचं पान खाली शिल्लक राहतं, कुणी बदललं त्याचं नाव राहतं, आणि बदल का केला याची एक ओळ लिहावी लागते.

"आणि ताई, ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरवर याची कॉपी असेल, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचं सगळं असतं," तो जेवताना सांगायचा. "एक जळालं तरी दुसऱ्याकडून मिळतं."

"म्हणजे तुझ्या चुकाही कायमच्या राहणार," मीना म्हणायची.

"राहू दे की. शिकलो कसा ते दिसेल."

पानं तपासायला तो तिलाच द्यायचा. ती छापखान्यातून वेबसाइट उघडून वाचायची आणि चुका त्याला फोनवर कळवायची. बदलाखालच्या त्या ओळींकडे मात्र तिनं कधी लक्ष दिलं नाही. ती कामाची गोष्ट, आपल्याला काय करायचं, असं तिला वाटे.

पावसाळा सरता सरता लखनला ताप आला. साधा व्हायरल असेल म्हणून त्यानं गोळ्या घेतल्या आणि कामाला गेला. रक्त तपासेपर्यंत डेंग्यू पार अंगात भिनला होता. मीना आणि लखनचा संस्थेतला मित्र मयूर रक्तपेढ्यांमधून धावत राहिले. आईवडील पाड्यावरून येऊन पोचले तेव्हा लखन बोलण्याच्या पलीकडे होता. आई, चंद्रभागा, त्याच्या तळपायाला तेल चोळत बसली. कुणी सांगितलं तरी तिनं हात थांबवला नाही.

दिवसकार्य उरकून मीना नाशिकला परतली. खोलीत दोन माणसांचं सामान आणि एकच माणूस. ती जमेल तितका वेळ छापखान्यातच काढू लागली.

एक दिवस मयूरनं तपासायला पान पाठवलं. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या नागलीचं. वाचता वाचता तिचा हात चुकून 'इतिहास' या बटणावर पडला आणि सगळ्याच पानांवरच्या लखनच्या ओळी एकाखाली एक उघडल्या.

'जून महिना खोडून रोहिणी केलं. नवसाबाई म्हणाली, पेरताना आम्ही कॅलेंडर बघत नाही.'

'आईनं फोनवर सांगितलं, वरई अशी नाही भरडत. आई बरोबर.'

'एक काना राहिला होता. ताईनं दाखवला. ती हसली नाही, म्हणजे चूक वाईट होती.'

मीनानं स्क्रीन बंद केली आणि मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. लखन कसा बोलायचा ते आपण विसरत चाललोय, ही भीती तिला आतून खात होती. तो इथं जसाच्या तसा बोलत होता.

त्या ओळी पुष्कळ होत्या. बसल्या बैठकीला वाचून काढता आल्या असत्या. पण सगळ्या वाचून झाल्या की लखनचं नवीन असं काही उरणार नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. म्हणून तिनं ठरवलं, अगदी पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची आणि दुपारच्या सुट्टीत रोज एकच वाचायची. डबा उघडायच्या आधी ती ओळ वाचायची आणि मग जेवायची. काही ओळी रूक्ष असत, 'स्पेलिंग नीट केलं' एवढ्याच. त्या दिवशी ती थोडी हिरमुसायची, पण पुढची वाचायची नाही.

याच काळात वडिलांचा, बुधाचा, फोन आला. लखनचा लॅपटॉप घरी पेटीत पडून होता. मामाची मुलगी इगतपुरीहून नर्सिंगच्या कॉलेजला जात होती, तिला लागत होता.

"देऊ का? का तुला ठिवायचा हाय?" बुधानं विचारलं.

"देऊन टाका, बा. शिकणाऱ्या पोरीच्या कामाला येईल," मीना म्हणाली. "लखनचं काम सगळं वेबसाइटवर हाय."

वर्ष उलटून गेलं. मयूर पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. मीनाचं वाचणं चालूच होतं. एका ओळीत लखननं लिहिलं होतं, 'फक्त एक मोकळी जागा काढली. कोटंबी घाटात दरड, एसटी अडकली, म्हणून वेळ होता.' त्या दिवशी ती जेवताना हसली आणि शेजारी बसणाऱ्या कुसाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

मग एका सोमवारी वेबसाइट उघडली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी उघडली ती वेगळ्याच रंगाची. पानं होती, नागली होती, वरई होती. 'इतिहास' कुठेच नव्हता. प्रत्येक पानाखाली एवढंच लिहिलेलं होतं, 'लेखक: कार्यालय'.

तिनं मयूरला फोन लावला.

"संस्थेनं नवीन सिस्टिम घेतल्याचं ऐकलं होतं," तो म्हणाला. "मीनाताई, पण त्यांनी जुनं ठेवलं असेल. असं कुणी फेकून देत नाही."

मीना अर्ध्या दिवसाची रजा टाकून संस्थेत गेली. तिथं आता हे काम स्नेहल नावाची मुलगी बघत होती. लखन गेल्यानंतर आलेली. तिनं मीनाला पाणी दिलं, खुर्ची दिली.

"एकही शब्द कमी झालेला नाही, ताई. मी स्वतः पान न् पान जुळवून पाहिलंय."

"खाली ओळी होत्या. बदल का केला त्याच्या."

"त्या जुन्या दुरुस्त्या होत्या. नवीन सिस्टिममध्ये फक्त शेवटची पानं घेतली. त्या कुणाला लागणार, असं वाटलं." स्नेहल थांबली. "तुम्हाला कशाला हव्या होत्या?"

"लखन माझा भाऊ."

स्नेहलनं फोन जवळ ओढला. मग तिनं जुन्या सर्व्हरवाल्यांना फोन लावला, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. मीना समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, त्यामुळे उत्तर तिला फोन ठेवायच्या आधीच कळलं. जुनी जागा सोडल्यावर तिथलं सगळं पुसलं गेलं होतं. संस्थेत बॅकअप होता, पण तोही फक्त पानांचा.

"मला खरंच माहीत नव्हतं," स्नेहल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मीनाला तिच्यावर रागवायचं होतं, पण ती मुलगी लखनच्याच वयाची होती आणि तिला सांगितलेलं काम तिनं चोख केलं होतं. मीना उठली आणि पायीच द्वारकेपर्यंत चालत आली.

आता राहिला होता लॅपटॉप. मामाची मुलगी फोनवर म्हणाली, "लय हळू चालायचा ना, ताई, म्हणून दुकानातून फॉरमॅट मारून आणला. का गं?"

"काही नाही," मीना म्हणाली.

रविवारी मयूर पुण्याहून मुद्दाम आला. दोघं इगतपुरीला गेले आणि त्यानं तो लॅपटॉप दिवसभर तपासला. मुलीची प्रॅक्टिकलची चित्रं सापडली, कुणाच्या तरी हळदीचे फोटो सापडले. जुन्यातलं काही हाती लागलं नाही. परतीच्या बसमध्ये मीना म्हणाली, "मी दे म्हणाले रे. मला विचारलं होतं बानं."

"तुम्हाला काय माहीत असणार, ताई."

"त्यानं सांगितलं होतं मला. जेवताना. किती वेळा सांगितलं होतं."



काही आठवड्यांनी मयूरचाच फोन आला. अगदी सुरुवातीला लखननं त्याला गिट शिकवलं, तेव्हा सरावासाठी त्यानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विकीची कॉपी घेतली होती. तो ती विसरूनच गेला होता, ती आता सापडली होती. त्यानं पाठवलेली ओळींची यादी मीनानं छापखान्यातच बसून उघडली. लखन होता. 'जून महिना खोडून रोहिणी केलं' होतं, आईची वरई होती. ती भराभर खाली सरकत गेली. यादी संपली. कोटंबी घाटाची ओळ त्यात नव्हतीच. मीना जिथवर वाचत आली होती, त्याच्या बरंच अलीकडे सगळं थांबत होतं. जे मिळालं होतं ते सगळं तिचं वाचून झालेलं होतं.

मयूरनं ती कॉपी तिच्या कॉम्प्युटरवर घालून दिली आणि म्हणाला, "तुम्ही पुढच्या ज्या ओळी वाचल्यात, त्या आठवतील तशा घाला. गिटमध्ये लेखक म्हणून लखनचं नाव देता येतं. तारीखही जुनी टाकता येते. मी दाखवतो."

मीनानं मान हलवली. "नको," ती म्हणाली. "मला ते शब्द जसेच्या तसे आठवत नाहीत. माझे शब्द त्याच्या नावावर नको चढवायला."

तिनं आठवतील तेवढ्या ओळी स्वतःच्या नावानं घातल्या. प्रत्येक ओळीची सुरुवात 'लखननं साधारण असं लिहिलं होतं' अशी. घाटातली दरड तिला नीट आठवली. बाकीच्या पुष्कळशा अर्ध्याच आठवल्या. रोज एक वाचताना कुठलीच पाठ करावी असं तिला वाटलं नव्हतं. ज्या वाचल्याच नाहीत, त्यांचं तर काहीच करता येण्यासारखं नव्हतं. त्यांत काय असेल, याचा विचार दुपारी डबा उघडला की यायचा आणि घास फिरत राहायचा.

दिवाळीला ती पाड्यावर गेली. भाताची कापणी उरकत आली होती. चंद्रभागा ओट्यावर उडीद पाखडत होती. बुधा बैलांना पाणी पाजून आला आणि खांबाला टेकून बसला. मीनानं त्या ओळी कागदावर छापून आणल्या होत्या. आईला वाचता येत नाही, आणि लखननं तिच्याबद्दल काही लिहून ठेवलंय हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"लखननं लिव्हलंय, ऐक," मीना म्हणाली आणि वाचू लागली. जिथं कॉम्प्युटरचे शब्द आले, तिथं त्यांचा अर्थ सांगत गेली. नवसाबाईची ओळ ऐकून बुधा हुंकारला. वरईची ओळ आली तेव्हा चंद्रभागेच्या हातातलं सूप थांबलं.

"परत वाच."

"आईनं फोनवर सांगितलं, वरई अशी नाही भरडत. आई बरोबर."

"ऐकलं म्हणायचं तेनं," चंद्रभागा म्हणाली. "मला वाटं, माझं बोलणं तेच्या कानावरनं जातं." तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि मीनाजवळ सरकून बसली. "वाच तू. सगळा वाच."

मीना वाचत राहिली. चंद्रभागा मान हलवत ऐकत होती, मधेच एखादा शब्द लखनसारखा पुन्हा उच्चारून बघत होती. शेवटच्या कागदावरची शेवटची ओळ वाचून मीना थांबली.

"मंग? पुढं काय लिव्हलंय?"

मीनानं कागद सारखे केले. बुधानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"पुढं नाय, आई," ती म्हणाली.